दोनशे पेटंटं, विकायला काही नाही : नॅनोसिसच्या संस्थापकांचं प्रकरण

एप्रिल २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या नॅनोसिस या नॅनोतंत्रज्ञानाच्या, म्हणजे मीटरच्या अब्जांशाच्या मापावर पदार्थ घडवण्याच्या धंद्यातल्या कंपनीने शेअर बाजारात उतरण्यासाठी अर्ज केला. कंपनीचं वय तीन वर्षं. विकायला वस्तू एकही नाही. जे काही उत्पन्न होतं ते सरकारी संशोधन-कंत्राटांचं आणि मोठ्या कंपन्यांबरोबरच्या संयुक्त प्रकल्पांचं, आणि तोटा त्याच्या कितीतरी पुढे. अमेरिकेत बाजारात येणाऱ्या कंपनीला स्वतःच्या धोक्यांची जंत्री माहितीपत्रकात द्यावीच लागते. नॅनोसिसच्या जंत्रीत स्पष्ट लिहिलेलं होतं की आमचं उत्पादन यायला अजून काही वर्षं लागतील, आणि ते येईलच याची खात्री नाही. तरीही १५ ते १७ डॉलर भावाने साडेबासष्ट लाख शेअर विकून सुमारे १० कोटी डॉलर उभे करण्याचा बेत होता. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बाजाराची हवा ठीक नाही असं कारण देऊन, कंपनीने अर्ज मागे घेतला.

नॅनो-लाटेची चर्चा निघाली की ही गोष्ट साधारण इथेच संपवतात : फुगा होता, फुटला. पण नॅनोसिस बुडाली नाही. पुढची १९ वर्षं ती चालली, टिकली आणि टीव्हीच्या पडद्यामागे बसणाऱ्या एका चकचकीत फिल्मच्या रूपाने लाखो घरांत पोचली. म्हणून हे प्रकरण नीट उलगडण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. नॅनोसिसचे संस्थापक हक्क गोळा करण्यात पटाईत होते आणि वस्तू निवडण्यात कच्चे. पहिल्या गुणावर कंपनी तगली, दुसऱ्या उणिवेपायी तिची पहिली सात-आठ वर्षं गेली. दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आल्या, आणि तो स्वभाव मुख्यतः एका माणसाचा होता.

कंपन्या काढणारा माणूस

लॅरी बॉक यांना नॅनोतंत्रज्ञ म्हणता येणार नाही. जेनेन्टेक या बायोटेक कंपनीत संशोधक म्हणून सुरुवात, मग एमबीए, मग व्हेंचर कॅपिटल. स्टारगार्ट या आनुवंशिक विकाराने त्यांच्या दृष्टीचा मधला भाग गेलेला होता आणि कायद्याच्या व्याख्येत ते दृष्टिहीन होते. या माणसाने नव्वदच्या दशकात एकामागून एक बायोटेक कंपन्या उभ्या करण्यात हात घातला : न्यूरोक्राइन, कॅलिपर आणि आज जनुकवाचनाच्या धंद्यात जिचं नाव पहिलं घेतात ती इल्युमिना.

इल्युमिनाचं उदाहरण बॉक यांची रीत समजायला पुरेसं आहे. टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड वॉल्ट या प्राध्यापकांनी प्रकाशतंतूच्या टोकावर सूक्ष्म मणी बसवून रासायनिक चाचण्या करण्याची युक्ती काढली होती. बॉक तेव्हा सीडब्ल्यू ग्रुप या गुंतवणूक संस्थेत होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॉन स्टल्पनेगल यांनी ती युक्ती हेरली, विद्यापीठाकडून हक्क घेतले आणि १९९८ मध्ये कंपनी उभी राहिली. प्राध्यापक शोधायचा, त्याच्या पेटंटचा परवाना मिळवायचा, पहिला पैसा उभा करायचा, चालवणारी माणसं आणायची आणि आपण पुढच्या कामाला लागायचं. बॉक यांचं कसब या साखळीत होतं. कंपनी चालवणं हा त्यांचा पिंडच नव्हता.

बायोटेकमध्ये ही रीत चालते, त्याला कारणं आहेत. तिथे पेटंट म्हणजे बहुतेकदा एक रेणू, आणि एक रेणू म्हणजे एक औषध. गिऱ्हाईक कोण हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. आजारी माणूस शेवटी आणि मोठी औषध कंपनी आधी. दहा वर्षं तोटा सोसायची गुंतवणूकदारांना सवय असते. प्राध्यापक सल्लागार मंडळावर बसतो आणि त्याचं नाव हेच पहिल्या काही वर्षांचं भांडवल असतं.

२००१ मध्ये बॉक यांनी हाच साचा उचलून नॅनोवर ठेवला. वेळ अचूक साधली होती. क्लिंटन यांनी जानेवारी २००० मध्ये राष्ट्रीय नॅनो उपक्रमाची घोषणा केली होती. ‘सायन्स’ नियतकालिकाने २००१ ची सर्वांत मोठी झेप म्हणून नॅनो आकाराच्या विद्युतमंडलांची निवड केली, आणि त्यात हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांच्या गटाचं काम ठळक होतं. डॉटकॉमचा पैसा नुकताच उडून गेला होता आणि गुंतवणूकदार पुढचं मोठं काहीतरी शोधत होते.

एका घराण्याचे प्राध्यापक

नॅनोसिसचे वैज्ञानिक सह-संस्थापक म्हणून जी नावं येतात ती चाळली तर पहिल्यांदा वाटतं, देशभरातून वेचून माणसं आणली आहेत. हार्वर्डचे लीबर आणि हाँगकुन पार्क, बर्कलीचे पॉल अलिविसाटोस आणि पेइडाँग यांग. जवळून पाहिलं की गाण्याच्या घराण्यासारखी गुरु-शिष्यांची वीण दिसते. यांग हे लीबर यांचे पीएचडीचे विद्यार्थी. पार्क यांनी पीएचडीनंतरचं संशोधन बर्कलीत अलिविसाटोस यांच्याबरोबर केलं. अलिविसाटोस स्वतः बेल लॅब्जमध्ये लुई ब्रुस यांच्या हाताखाली तयार झालेले, आणि एमआयटीचे मौंगी बवेंडी हेही ब्रुस यांचेच. बवेंडींचे विद्यार्थी स्टीफन एम्पेडोक्लिस नॅनोसिसचे सह-संस्थापक म्हणून व्यवसायाच्या बाजूला बसले. लीबर यांचे विद्यार्थी शियांगफेंग दुआन कंपनीच्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी एक. ते पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

म्हणजे बॉक यांनी दोन मोठ्या परंपरा एका छपराखाली आणल्या. लीबर-यांग यांची नॅनोवायरची, म्हणजे अतिसूक्ष्म तारांची, आणि ब्रुस-अलिविसाटोस-बवेंडी यांची नॅनो आकाराच्या अर्धवाहक स्फटिकांची, ज्यांना क्वांटम डॉट म्हणतात. प्राध्यापकांपाठोपाठ परवाने आले : हार्वर्ड, एमआयटी, बर्कली, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ. २००४ पर्यंत कंपनीच्या हाती दोनशेहून अधिक पेटंटं आणि पेटंट-अर्ज जमले होते, स्वतःचे आणि परवान्याने घेतलेले मिळून.

अमेरिकेत हे इतकं सुरळीत होतं ते १९८० च्या बे-डोल कायद्यामुळे. सरकारी पैशातून विद्यापीठात शोध लागला तर पेटंट विद्यापीठाचं, आणि विद्यापीठ ते कंपनीला देऊ शकतं. आपल्याकडे अशाच धर्तीचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. पवईच्या आयआयटीचं साइन हे नवउद्योग-केंद्र असो की पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं तसंच व्हेंचर सेंटर, प्राध्यापकाच्या संशोधनावर कंपनी उभी करायची म्हटलं की हक्कांची वाटणी त्या-त्या संस्थेच्या नियमांनी आधी सोडवावी लागते. बॉक यांना ही वाट मळलेली मिळाली आणि तिच्यावर त्यांच्याइतकं भरभर चालणारा दुसरा कोणी नव्हता.

पण संस्थापक म्हणून या प्राध्यापकांचं नेतृत्व नेमकं काय होतं? कोणी प्रयोगशाळा सोडून कंपनीत बसलं नाही. त्यांनी तीन गोष्टी दिल्या : नाव, पेटंटं आणि विद्यार्थी. तिन्ही मोलाच्या. चौथी गोष्ट, म्हणजे ‘हे करू, ते सोडू’ असं म्हणण्याची जबाबदारी, त्यांच्याकडून अपेक्षितच नव्हती. उलट प्रत्येकाच्या प्रयोगशाळेतून दर वर्षी नवा चमत्कार निघत होता. २००१ मध्ये यांग यांच्या गटाने नॅनोवायरचा लेसर दाखवला. २००२ मध्ये अलिविसाटोस यांच्या गटाने नॅनोदांड्या प्लास्टिकमध्ये मिसळून सौरघट केला. २००३ मध्ये नॅनोसिसच्या शास्त्रज्ञांनी नॅनोवायरच्या पातळ थरावर चांगले ट्रान्झिस्टर करून दाखवले आणि ते काम ‘नेचर’मध्ये आलं. माझं अनुमान असं की चार मोठ्या माणसांची चार स्वप्नं शेजारी ठेवली की त्यातलं एखादं बाजूला सारणं अवघड होऊन बसतं. तुमचं राहू दे, असं लीबर यांना सांगणार कोण?

चालवणारी फळी बॉक यांनी ओळखीतून आणली. कॅल्विन चाऊ आणि वॉलेस पार्स हे दोघेही कॅलिपरमधले. पहिली वर्षं बॉक स्वतः मुख्य कार्यकारी होते. शेअर बाजाराचा अर्ज होण्याआधीच चाऊ त्या जागी आले आणि बॉक कार्यकारी अध्यक्ष झाले. हुशार, अनुभवी, एकमेकांना सरावलेली माणसं. मात्र अनुभव बायोटेक उपकरणांचा. ज्या गिऱ्हाइकांकडे जायचं होतं ते टीव्ही, चिप आणि बॅटरीवाले, आणि त्यांची तऱ्हा वेगळी. औषध कंपनी एखादा रेणू हवा असेल तर हवी ती किंमत मोजते. इलेक्ट्रॉनिक्सवाला पहिला प्रश्न विचारतो की हेच मला दुसरं कोण देऊ शकेल, आणि दुसरा प्रश्न, पुढच्या वर्षी भाव किती कमी कराल.

सगळंच करू

नॅनोसिसने काय काय हाती घेतलं होतं ते पाहा. मात्सुशिता इलेक्ट्रिक वर्क्सबरोबर सौरविजेचं काम. इंटेलबरोबर मेमरीचं. ड्यूपाँटबरोबर भागीदारी. पुढे शार्पबरोबर इंधनघट. शिवाय मोठ्या पृष्ठभागावर पसरता येतील अशी नॅनोवायर-मंडलं, आणि बॅटरीसाठी सिलिकॉनच्या नॅनोवायर.

यातलं प्रत्येक काम प्रयोगशाळेत खरं होतं. अडचण आकड्यांत होती. २००२ च्या त्या नॅनोदांडी सौरघटाची कार्यक्षमता सूर्यप्रकाशात १.७ टक्के होती. शोधनिबंध म्हणून ही कामगिरी थोर होती, कारण असा घट द्रावणातून, जवळजवळ शाईसारखा लावून तयार होत होता. पण छपरावरच्या साध्या सिलिकॉन पॅनेलची कार्यक्षमता तेव्हाच दहाच्या वर होती, आणि पुढच्या दशकात सिलिकॉनचे भाव जे कोसळले त्यापुढे भल्याभल्या पर्यायांचा टिकाव लागला नाही. मेमरीतही तसंच. नॅनोस्फटिकांची मेमरी तयार होईतो फ्लॅशवाल्यांनी पेशींचे मजल्यावर मजले चढवायला सुरुवात केली होती. प्रतिस्पर्धी एका जागी थांबलेला नसतो, ही गोष्ट विद्यापीठातून आलेल्या तंत्रज्ञांना फार उशिरा कळते.

डिसेंबर २००३ मध्ये बुश यांनी नॅनो संशोधनाच्या कायद्यावर सही केली. चार वर्षांसाठी ३.७ अब्ज डॉलरची तरतूद. एप्रिल २००४ मध्ये मेरिल लिंच या गुंतवणूक बँकेने नॅनो कंपन्यांचा स्वतंत्र निर्देशांक काढला. त्यातल्या काही कंपन्यांचा नॅनोशी संबंध किती, यावरून तेव्हाच थट्टा झाली होती. नॅनोसिसचा अर्ज याच महिन्यातला. संस्थापकांच्या बाजूने बोलायचं तर त्यांनी काहीही लपवलं नव्हतं, सगळं छापून दिलं होतं. फक्त दहा वर्षं थांबणाऱ्या पैशाऐवजी दर तिमाहीला उत्तर मागणारा पैसा आणायला ते निघाले होते. तो अर्ज फसला हे कंपनीच्या पथ्यावरच पडलं. पुढच्या वर्षी खासगी गुंतवणूकदारांकडून ४ कोटी डॉलर मिळाले आणि प्रयोग चालू राहिले. उत्पादन मात्र तरीही नव्हतं.

बंद करणारा माणूस

२००८ मध्ये जेसन हार्टलव्ह मुख्य कार्यकारी म्हणून आले. सेमिकंडक्टर धंद्यातले, विद्यापीठाच्या परंपरेबाहेरचे. संस्थापकांच्या यादीत त्यांचं नाव नाही, पण या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्यांच्या काळातला : नॅनोवायरच्या स्वप्नांना हळूहळू सोडचिठ्ठी आणि सगळा जोर पडद्यासाठीच्या क्वांटम डॉटवर. बॅटरीचं तंत्रज्ञान २०१३ मध्ये वनडी मटेरियल या कंपनीकडे गेलं.

डॉट म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचा अर्धवाहकाचा स्फटिक. त्याच्यावर निळा प्रकाश पडला की तो दुसऱ्या रंगाचा प्रकाश देतो, आणि कुठला रंग ते त्याच्या आकारावर ठरतं. लहान कण हिरवा, मोठा कण लाल. रंग शुद्ध हवा असेल तर सगळे कण एकाच मापाचे हवेत, आणि तिथेच सगळी मेख. १९९३ मध्ये बवेंडी यांच्या गटाने त्यावर तोडगा काढला. एका विशिष्ट द्रावकाला चंबूत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवायचं आणि सुईने कच्चा माल एकदम आत मारायचा. क्षणात असंख्य बीजस्फटिक एकदमच तयार होतात, तापमान लगेच उतरतं, नवी बीजं पडणं थांबतं. मग जी बीजं आहेत ती सगळी बरोबरीने वाढत राहतात आणि हव्या त्या मापाला थांबवता येतात. चंबूतली ही कृती कारखान्याच्या भांड्यात आणणं, प्रत्येक घाण्याला तोच रंग येईल अशी, हे पुढच्या वर्षांचं खरं काम होतं. त्याला ‘नेचर’मध्ये जागा मिळत नाही.

२०११ मध्ये नॅनोसिसने क्यूडीईएफ नावाची फिल्म जाहीर केली. एलसीडी पडद्यामागे प्रकाश सारखा पसरवण्यासाठी पातळ पत्र्यांची चळत असते. त्यातला एक पत्रा काढायचा आणि त्या जागी ही फिल्म ठेवायची, एवढंच. मागे पांढऱ्याऐवजी निळे एलईडी लावले की फिल्ममधले कण त्यातल्या काही निळ्याचं लाल आणि हिरवं करतात, आणि तिन्ही मिळून टीव्हीला जास्त शुद्ध रंग मिळतात. हवा आणि ओलावा लागला की हे कण मरतात, म्हणून त्यांना दोन संरक्षक थरांत बंद करावं लागतं. असे थर मैलोगणती लांबीत बनवणं नॅनोसिसच्या आवाक्यातलं नव्हतं. थ्रीएमच्या होतं. २०१२ मध्ये दोघांचा करार जाहीर झाला आणि २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या किंडल फायर एचडीएक्स या ७ इंची टॅब्लेटमध्ये ही फिल्म लोकांच्या हातात पोचली. कंपनी निघून १२ वर्षं झाली होती.

या निर्णयातली एक गोष्ट मला फार आवडते. गिऱ्हाइकाला त्याच्या कारखान्यात काहीही बदलावं लागत नव्हतं. एक पत्रा जातो, दुसरा येतो. यंत्रं तीच, माणसं तीच. संस्थापकांनी गिऱ्हाइकाला नवं जग देऊ केलं होतं. हार्टलव्ह यांनी एक सुटा भाग देऊ केला आणि तो खपला.

प्रतिस्पर्ध्याकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. एमआयटीतून २००४ मध्ये निघालेली क्यूडी व्हिजन ही सेथ को-सलिव्हन, प्राध्यापक व्लादिमीर बुलोविच आदींची कंपनी. क्वांटम डॉट हा एकच ध्यास. त्यांनी डॉट भरलेली काचेची बारीक नळी केली, ती पडद्याच्या कडेला बसायची. २०१३ मध्ये सोनीच्या ब्राव्हिया टीव्हीत ती आलीही, म्हणजे टीव्हीपर्यंत आधी पोचले ते हे. पण नळीसाठी टीव्हीची रचनाच वेगळी करावी लागे, आणि त्यांच्या कणांत कॅडमियम हा विषारी धातू होता. युरोपच्या नियमांत कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के, पडद्यांना मिळालेली सवलत वाढवण्याचा प्रस्ताव मे २०१५ मध्ये युरोपीय संसदेने फेटाळला. सॅमसंगने त्याच वर्षी कॅडमियमविना, इंडियम फॉस्फाइडच्या कणांचे टीव्ही आणले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये क्यूडी व्हिजनची मालमत्ता सॅमसंगनेच घेतली. नॅनोसिसकडे कॅडमियमविना कणांचंही काम होतं आणि सॅमसंगबरोबर २०१० पासून गुंतवणूक व परवान्याचे संबंध होते. म्हणजे सुरुवातीला अवजड वाटलेला हक्कांचा तो गठ्ठा इथे उपयोगी पडला. एकाच कणावर भिस्त असलेल्या कंपनीकडे वळायला जागा नव्हती.

२००१ मध्ये हेच का निवडलं नाही?

स्टार्टअपच्या वर्गात हे प्रकरण शिकवायला घेतलं तर कोणीतरी हा प्रश्न हमखास विचारील : फिल्मच करायची होती तर पहिल्या दिवशी का नाही केली?

उत्तर असं की २००१ मध्ये ती फिल्म ठेवायला जागाच नव्हती. तेव्हा घरोघरी टीव्ही काचेच्या नळकांड्याचा होता. एलसीडी होते त्यांच्या मागे फ्लुरोसंट नळ्या. निळे एलईडी होते, पण महाग. पडद्यामागे एलईडी सर्रास दिसू लागले ते २००९ च्या आसपास. म्हणजे संस्थापकांनी कितीही शिस्तीने एक वस्तू निवडली असती तरी ही वस्तू त्यांच्या यादीत असण्याची शक्यता कमी होती. ‘एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा’ हा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. सौरघटावर लक्ष ठेवलं असतं तर कंपनी २०१० पर्यंत संपली असती, आणि अशा कितीतरी संपल्या.

मग दोष कशाला द्यायचा? हक्क धरून थांबण्याला नाही. थांबण्याच्या काळात अर्धा डझन उत्पादनं अंगावर घेण्याला, प्रत्येकासाठी वेगळी भागीदारी, वेगळी तुकडी, वेगळं वेळापत्रक करण्याला. थांबायचं तर कमी खर्चात थांबायला हवं होतं. आणि बॉक यांच्या रीतीत ते बसत नव्हतं, कारण त्या रीतीत पुढचा पैसा नव्या बातमीवर मिळतो आणि बातमी हवी तर नवा प्रकल्प हवा. हार्टलव्ह यांना श्रेय देतानाही हात थोडा आखडता घेतला पाहिजे. ते आले तेव्हा एलईडी स्वस्त होत होते आणि त्यांच्या आधीच्या मंडळींनी पेटंटं जपून ठेवली होती. शिवाय २०२१ मध्ये याच हार्टलव्ह यांच्या कारकिर्दीत नॅनोसिसने ग्लो ही मायक्रोएलईडी कंपनी विकत घेतली. पसारा घालण्याचा मोह फक्त संस्थापकांना होतो असं नाही.

कोण कुठे गेलं

बॉक पुढे विज्ञानजत्रेच्या मागे लागले. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ऑक्टोबर २०१० मध्ये भरलेला यूएसए सायन्स अँड इंजिनिअरिंग फेस्टिव्हल त्यांनी उभा केला. सुरू करून देण्याची त्यांची हातोटी तिथेही दिसली. २०१६ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वयाच्या ५६ व्या वर्षी ते गेले. लीबर यांना जानेवारी २०२० मध्ये अटक झाली. वुहानच्या विद्यापीठाशी असलेल्या संबंधांबद्दल सरकारला खोटं सांगितल्याचा आणि कर-विवरणात उत्पन्न दडवल्याचा आरोप डिसेंबर २०२१ मध्ये सिद्ध झाला. या खटल्याचा नॅनोसिसशी संबंध नाही. अलिविसाटोस २०२१ मध्ये शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉटसाठी बवेंडी, ब्रुस आणि रशियात सुरुवात केलेले येकिमोव्ह यांना मिळालं. नोबेल तिघांपलीकडे जात नाही, आणि अलिविसाटोस यांचं नाव का नाही यावर रसायनशास्त्रज्ञांत कुजबुज झालीच.

नोबेलच्या काही आठवडे आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, नॅनोसिसचा क्वांटम डॉटचा व्यवसाय जपानच्या शोएई केमिकलने घेतला. २००१ ते २०२३. व्हेंचर फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं. एवढ्यात पैसा परत करून हिशेब मिटवायचा असतो. नॅनोसिसच्या पहिल्या गुंतवणूकदारांच्या फंडांची मुदत पहिला टॅब्लेट बाजारात येण्याच्या सुमारासच संपत आली असणार. नव्या पदार्थाला प्रयोगशाळेतून कारखान्यात जायला वीस वर्षं लागतात, हे रसायन उद्योगातल्या जुन्या माणसांना नवं नाही. त्यांच्या कंपन्या तेवढ्या मुदतीचा विचार करूनच पदार्थ विकत घेतात. बॉक यांनी तो हिशेब औषधवाल्यांकडून उसना घेतला होता, आणि शेवटी तो मिटवला एका रसायन कंपनीने.